बर्लिनला जा, पण आधी परीक्षा विभागात जा

मावशी, नमस्कार.
मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी बर्लिनच्या सरकारी विद्यापीठात एक्स्चेंजवर जायला माझी निवड झाली आहे. कॉलेजमधले सर म्हणतात, "क्रेडिटचं बघू, होऊन जाईल." बाबांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. त्यांचं म्हणणं, पाच महिन्यांसाठी सहा लाख घालण्यापेक्षा पुढं एमएसलाच पाठवतो. आई जा म्हणते, पण रोज रात्री दहाला व्हिडिओ कॉल हवा. आजीचं एकच पालुपद : "आपला एक राजा तिकडं गेला, तो परत आला न्हाई." मी कधी घर सोडून राहिलेली नाही. नव्या माणसांत चटकन मिसळत नाही, वर्गातही मागंच बसते. गर्दीत जायचं म्हटलं तर बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला, तेवढंच. एवढ्या मोठ्या शहरात पाच महिने खोलीत बसून काढले तर काय करायचं? जाऊ की नको?
– मागच्या बाकावरची, राजारामपुरी, कोल्हापूर

मागच्या बाकावरच्या मुली,

जा. मात्र "होऊन जाईल" या दोन शब्दांवर विसंबून विमानात बसू नकोस. तुझ्या पत्रात मला काळजी वाटली ती याच वाक्याची. एकटेपणा, आजी, बाबा हे सगळं नंतर.

आधी कॅलेंडर काढ. जर्मनीचं हिवाळी सत्र कागदावर ऑक्टोबर ते मार्च असतं. तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्याच सुमाराला किंवा त्यानंतर. आपल्याकडं पाचवं सेमिस्टर नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं आणि सहावं जानेवारीच्या आसपास सुरू होतं. म्हणजे तू इथली पाचव्या सेमिस्टरची परीक्षा देऊ शकणार नाहीस आणि सहाव्याचे सुरुवातीचे दीड-दोन महिनेही बुडणार. एका सेमिस्टरची परवानगी मागताना दोन सेमिस्टरना धक्का लागतो, हे पोरांच्या लक्षात येतं ते तिथून परत आल्यावर. तेव्हा हजेरी कमी म्हणून फॉर्म अडतो, आणि "होऊन जाईल" म्हणणारे सर तोवर दुसऱ्या कॉलेजला गेलेले असतात.

तेव्हा तीन गोष्टी लेखी घे. पहिली, लर्निंग ॲग्रीमेंट. तिथं कोणते विषय घेणार आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे लिहून त्यावर तुझी, तुझ्या कॉलेजची आणि बर्लिनच्या विद्यापीठाची, तिघांची सही. युरोपात पूर्ण सेमिस्टर 30 ईसीटीएस (तिकडची क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिटचं धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. आपल्या क्रेडिटचा हिशेब वेगळा आहे, म्हणून आकड्याला आकडा जोडून चालत नाही. दुसरी, सहाव्या सेमिस्टरला उशिरा रुजू व्हायची आणि हजेरीतल्या सवलतीची परवानगी, ती विभागप्रमुखांची नको, प्राचार्यांची किंवा परीक्षा विभागाची हवी. तिसरी गोष्ट गुणांची. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 ला कसाबसा पास आणि 5.0 म्हणजे नापास. तू 1.3 घेऊन आलीस आणि इथल्या कारकुनानं तो दहापैकी समजून टाकला, तर दाद कुणाकडं मागणार? रूपांतर कसं होणार ते आधी ठरव.

हे तीन कागद मिळत नसतील तर या ऑक्टोबरला जाऊ नकोस. बर्लिनच्या कार्यालयाला सरळ विचार की निवड पुढच्या सत्रासाठी ठेवता येईल का. बाकी तुझ्या सगळ्या अडचणींवर मार्ग आहे. वाया गेलेलं वर्ष मात्र मला परत आणून देता येणार नाही.

आता बाबांचे सहा लाख. हा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज आहे मला. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट दाखवावं लागतं, सध्या महिना 992 युरो. सहा महिन्यांचे झाले 5,952. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर झाले सहा लाख. बाबांना वाटतंय ही फी आहे. तसं नाही. हे पैसे तुझ्याच नावावर राहतात आणि तिथं गेल्यावर दर महिन्याला 992 युरो तुझ्या हातात येतात. एक्स्चेंजच्या करारात तिथलं शिक्षण शुल्क सहसा माफ असतं, इथलं नेहमीसारखं भरायचं (तुमच्या करारात तसंच लिहिलंय ना, ते एकदा वाच). तिथं सेमिस्टरचं एक अंशदान भरावं लागतं, त्यात बहुतेक वेळा बस-रेल्वेचा पास येतो. खरा खर्च म्हणजे भाडं, जेवण, महिना दीडशे युरोच्या घरातला आरोग्य विमा आणि विमानाचं तिकीट. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर त्या 992 मधले काही शिल्लकही राहतील. बाहेर शेअर फ्लॅटमध्ये राहायची वेळ आली तर भाडं दुप्पटही होऊ शकतं आणि मग शिल्लक विसरायची. म्हणून वसतिगृहाचा अर्ज आजच भर. फ्लॅट शोधताना कुणी "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" म्हणालं तर पुढं एक शब्द बोलू नकोस. बर्लिनमध्ये घरांची टंचाई इतकी आहे की या युक्तीला दरवर्षी नवी गिऱ्हाइकं सापडतात. तिथं अर्धवेळ काम करायची मुभा आहे, पण ती कमाई या हिशेबात एका पैशानंही धरू नका.

एमएसला नंतर पाठवतो म्हणतात, तर चांगलंच आहे. पण दोन वर्षांचा निर्णय घेण्याआधी तिथला अभ्यास, तिथली भाषा आणि तिथला हिवाळा आपल्याला झेपतो की नाही, हे पाच महिन्यांत कळत असेल तर ते महाग नाही, असं माझं मत. पैसे कुणाचे आणि किती हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. घरावर कर्ज काढून जाऊ नकोस, एवढं मात्र मी म्हणेन. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या त्या उसन्या पैशांवर, आणि सासऱ्यांची, म्हणजे साक्षात महर्षी कर्व्यांची, नापसंती असताना. पण त्या डॉक्टरेट घेऊन आल्या. एका सेमिस्टरसाठी तेवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

आजींकडे येऊ. आजींची माहिती बरोबर आहे, हे आधी कबूल कर, नाहीतर पुढचं त्या ऐकायच्या नाहीत. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथं 1874 पासून त्यांची छत्री आहे, आत अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलालासुद्धा फ्लॉरेन्सचे लोक 'इंडियन'चा पूल म्हणतात. हे सगळं आजींना सांग. मग हेही सांग की 1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले, केंब्रिजची मानद एलएल.डी. घेतली आणि धडधाकट घरी आले. इकडं त्याआधीच, 1901 ला, त्यांनी मराठा बोर्डिंग सुरू केलं होतं, पाठोपाठ इतर समाजांची बोर्डिंगं निघाली. खेड्यापाड्यांतली पोरं घर सोडून कोल्हापूरला येऊन राहिली ती तेव्हापासून. चंदगड-आजऱ्याहून इथं होस्टेलला आलेल्या तुझ्या वर्गातल्या मुलींना विचार, पहिला महिना कसा गेला. बर्लिनबद्दलच्या दहा व्हिडिओंपेक्षा त्या जास्त कामाचं सांगतील.

एकटेपणाचं आता नीट बोलू, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे.

तुला सगळे सांगतील, "बिनधास्त बोलायचं, ओळखी करायच्या." ज्याला ते जमतं त्याला सांगायला लागत नाही आणि ज्याला जमत नाही त्याला सांगून उपयोग होत नाही. आणखी एक सल्ला हमखास मिळेल : तांबडा-पांढरा कर, होस्टेलच्या पोरांना जेवायला बोलाव, मैत्री होते. होत नाही. पोरं येतात, नाक पुसत पुसत "व्हेरी गुड" म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात जिन्यात नुसती मान हलवून जातात. जर्मन माणसाची मैत्री एका जेवणावर होत नसते. ती होते त्याच ठिकाणी, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा दिसण्यानं. तुझ्यासारखीला हे सोयीचंच आहे. यात बोलबच्चनपणा लागत नाही, हजेरी लागते, आणि मागच्या बाकावर बसणारी मुलं हजेरीला पक्की असतात.

तुला तालीम माहीत आहे. पेठेतला पोरगा तालमीत कुस्तीच खेळतो असं नाही, पण गणपती, फुटबॉल, कुणाचं लग्न, कुणाची मयत, सगळं तालमीच्या नावानं. जर्मनीत फेराइन म्हणून नोंदणीकृत मंडळं असतात, त्यांचं काम साधारण असंच चालतं. कुणाचं गाण्याचं, कुणाचं बुद्धिबळाचं, कुणाचं गिर्यारोहणाचं, फुटबॉलची तर गल्लोगल्ली. विद्यापीठाचा स्वतःचा क्रीडा विभागही असतो आणि त्याचे वर्ग विद्यार्थ्यांना स्वस्तात पडतात. नोंदणी सुरू झाल्या झाल्या चांगले वर्ग भरतात, तेव्हा तारीख आत्ताच बघून ठेव. आठवड्यातून एक वार, एक गोष्ट, सेमिस्टरभर न चुकवता. पहिले तीन आठवडे कुणी तुझ्याशी बोललं नाही तरी चालेल. चौथ्या आठवड्यात तू गेली नाहीस तर कुणीतरी विचारेल.

आणि फुटबॉल. तुझा संघ पाटाकडील की दिलबहार की खंडोबा, हे तू लिहिलं नाहीस, शहाणी आहेस. बर्लिनच्या पूर्व भागात क्योपेनिकला युनियन बर्लिन नावाचा क्लब आहे. क्लबकडं पैसे नव्हते तेव्हा, 2008-09 मध्ये, दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी स्वतः सिमेंट कालवून, पायऱ्या बांधून मैदान दुरुस्त केलं. आजही तिथं बहुतेक लोक उभ्यानं मॅच बघतात. हे ऐकून पेठेतल्या माणसाला परकं वाटायचं काही कारण नाही. पुरुषांच्या संघाची तिकिटं सभासदांतच संपतात. महिलांचा संघ 2025 साली बुंडेसलीगामध्ये, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढला, तिथं तिकीट मिळायची शक्यता बरी. मॅचमध्ये शेजाऱ्याशी बोलायला भाषा फारशी लागत नाही, पंचाला शिव्या घालायला तर अजिबात नाही.

याच कारणासाठी आईची रात्री दहाची वेळ मला मान्य नाही. घड्याळ बघ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागं जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचार तासांचं होतं. कोल्हापुरात रात्रीचे दहा म्हणजे बर्लिनला संध्याकाळचे साडेपाच. तास संपवून पोरं कॉफीला, सरावाला, लायब्ररीला निघतात ती हीच वेळ. त्या वेळी तू रोज खोलीत जाऊन फोन उघडलास तर तुझी बर्लिनची प्रत्येक संध्याकाळ राजारामपुरीत जाईल. आईला सांग, दुपारी साडेबाराला बोलू. तेव्हा तिथं सकाळचे आठ असतात, तू चहा घेत असशील आणि आईचाही स्वयंपाक उरकलेला असेल. दहा मिनिटं पुरे. सविस्तर गप्पा रविवारी मारा, कारण रविवारचं तुला काय करायचं हा प्रश्न पडणारच आहे.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. किराणासुद्धा. मोठ्या स्टेशनांमधली थोडी दुकानं उघडी असतात, बाकी शुकशुकाट. महाद्वार रोडच्या रविवारची सवय असलेल्या माणसाला पहिला रविवार अंगावर येतो. शनिवारी भाजी-दूध भरून ठेव आणि रविवारी खोलीबाहेर पडायचं कारण आधीच ठरव. माउअरपार्कला रविवारचा जुना बाजार भरतो, आपल्या आठवडी बाजाराचीच जात, फक्त भाजीऐवजी जुने कोट आणि रेकॉर्डप्लेअर. टेंपेलहोफला जुना विमानतळ आहे, 2008 ला बंद झाला, आता धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. तिथं घरं बांधायचा बेत लोकांनी 2014 मध्ये मतदानानं हाणून पाडला. एवढी मोठी मोकळी जागा शहराच्या पोटात राखून ठेवलेली बघितली की आपल्या रंकाळ्याची आठवण येऊन थोडा राग येईल, येऊ दे.

अंधाराची मात्र तयारी ठेव. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तोही ढगांतून दिसला तर. दिवाळी तिथल्या पहिल्याच आठवड्यांत येते, तेव्हा डोळ्यांत पाणी येईल. पण सगळ्यात अवघड दिवस नाताळच्या सुट्टीचे. पंधरा दिवस तास नसतात, जर्मन पोरं आपापल्या घरी जातात आणि होस्टेल ओस पडतं. इतर एक्स्चेंजवाले दर शनिवार-रविवारी प्राग, व्हिएन्ना, ॲमस्टरडॅम करत हिंडतात आणि नेमके तेव्हा दमून बसतात. तू उलट कर. सेमिस्टर चालू असताना बर्लिन सोडू नकोस आणि सहलीचे पैसे या पंधरा दिवसांसाठी ठेव. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, देशांत फिरता येतं. फ्लॉरेन्सला जा. शहराच्या पश्चिम टोकाला कास्चिने नावाची बाग आहे, तिच्या शेवटापर्यंत चालत गेलीस की महाराजांची छत्री लागेल. तिथून आजींना व्हिडिओ कॉल कर, त्या दिवशी रात्री दहाला केलास तरी चालेल.

बाकी बारीकसारीक पटापट. राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो देणार नसेल तर ती खोली घेऊच नकोस. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून इथून निघण्याआधीच संकेतस्थळावर बघायला लाग. नोंद झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. ती फसवणूक नाही, पत्र फेकू नकोस. एका घराला एकच वर्गणी, तेव्हा शेअर फ्लॅट असेल तर वाटून घ्या. मेट्रोला गेट नाहीत, म्हणून फुकट आहे असं वाटतं. साध्या वेशातले तपासनीस येतात आणि तिकीट नसेल तर 60 युरो घेतात. वेळापत्रकात वेळेपुढं c.t. असं लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. लेक्चर संपल्यावर सगळे बाकावर टकटक करतील, ती टाळ्यांची पद्धत आहे, घाबरू नकोस. सायकलच्या पट्ट्यातून चालू नकोस, रस्त्यावरची म्हातारी माणसं तोंडावर ओरडतात. हे ओरडणं तुझ्या रंगामुळं नाही, ते एकमेकांवरही ओरडतात. रंगामुळं कुणी काही बोललंच तर मात्र गिळून बसू नकोस, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला सांग. मदतीसाठी 112, पोलिसांसाठी 110.

सामानात कांदा-लसूण चटणी ने, हवी तेवढी ने. तूप, पेढे, खवा, मटणाचं लोणचं यातलं काही नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे. आई लपवून पिशवीत घालेल, विमानतळावर जाण्याआधी बॅग एकदा स्वतः उघडून बघ.

तिथं मराठी माणसं भेटतीलच. दिवाळीला जरूर जा, पोटभर मराठी बोल. रोजचा राबता मात्र त्यांच्यातच ठेवू नकोस. आणि निघेपर्यंत जर्मनचा पहिला टप्पा तरी कर. बर्लिनच्या विद्यापीठात इंग्रजीवर भागेल, फेराइनमध्ये आणि सरकारी कार्यालयात नाही भागणार.

परतीचंही आत्ताच वाच, नाहीतर फेब्रुवारीत परीक्षेच्या घाईत राहून जाईल. गुणपत्रिका कुठल्या पत्त्यावर आणि किती दिवसांत पाठवणार ते तिथून हलण्याआधी लेखी विचार, कारण काही प्राध्यापक निकाल लावायला आठवडेच्या आठवडे घेतात आणि इथं परीक्षा विभाग तारखेला अडून बसतो. पत्त्याची नोंद रद्द करून त्याचा कागद जपून ठेव, विमा बंद करायला तो लागतो. जर्मन बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नकोस. खोलीचं डिपॉझिट परत यायला काही महिने लागतात, आणि ते त्याच खात्यावर येतं.

– मावशी